सायटोकाइन, सूज अन् कॅन्सर: सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, इथंच सोलापुरात कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवतो. विद्यार्थी, त्यांचे आईवडील, गल्लीतले लोक, ज्यांचा पेशंट सिव्हिलला नाहीतर बार्शीला ॲडमिट आहे असे नातेवाईक, सगळे फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवलेत. औषध चालू करणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, इथलं वाचून नको.

सर, हे सायटोकाइन म्हणजे नेमकं काय ओ?

पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी बारकी बारकी प्रोटीन्स सोडतात ती. ज्यांनी जुन्या मिलचा भोंगा ऐकलाय त्यांना पटकन कळेल, भोंगा सगळ्या गावाला ऐकू जायचा पण डबा घेऊन निघायचा तो ज्याची पाळी असायची तोच. सायटोकाइनही आजूबाजूला पसरतं, कधी रक्तातून लांबवर जातं, पण त्याचा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप पकडणारी जागा, ज्या पेशीवर असेल तीच पेशी कामाला लागते. आणि एकाच निरोपावर वेगवेगळ्या पेशी वेगवेगळं काम करतात, इंटरल्यूकिन-६ घ्या, ते यकृताला पोचलं की यकृत सीआरपी नावाचं सुजेची खूण देणारं प्रोटीन बनवतं, अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना पोचलं की अँटीबॉडीचं काम वाढतं, मेंदूपर्यंत परिणाम गेला की ताप चढतो. रक्तात हे मोजतात पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशानं माणूस अंथरूण धरतो.

पहिलं नीट ओळखलं गेलेलं म्हणजे इंटरफेरॉन, १९५७ साली लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन या दोघांनी. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूचा मेलेला व्हायरस टाकला, तर त्या पेशींनी असं काहीतरी सोडलं की नंतर जिवंत व्हायरस टाकला तरी तो वाढेना.

नावं लई अवघड आहेत, सगळी पाठ करायला लागतात का?

परीक्षा असेल तर करा बाबा. पेशंटच्या फाइलपुरतं बोलायचं तर इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ ही तिघं सूज आणि ताप आणणारी, इंटरफेरॉन व्हायरसविरुद्ध, इंटरल्यूकिन-२ टी पेशींची, म्हणजे बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींची, संख्या वाढवणारं, इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा बहुतेक वेळा सगळ्यांना गप्प बसवणारी. एवढ्यावर पुढचं सगळं कळतं.

ताप सायटोकाइनमुळं येतो म्हणतात, मग पॅरासिटामॉलनं उतरतो कसा?

जंतू दिसला की मॅक्रोफेज नावाच्या, जंतू गिळणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, ६ आणि टीएनएफ सोडतात, त्यांच्यामुळं मेंदूत हायपोथॅलॅमसजवळ, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या भागाजवळ, प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि शरीर ठरवतं की आता तापमान ३७ नाही, ३९ ठेवायचं. म्हणून ताप चढताना थंडी वाजते, कारण नवीन आकड्याच्या हिशोबानं तुम्ही गार असता. पॅरासिटामॉल ते प्रोस्टाग्लँडिन बनायचं कमी करतं, सायटोकाइनला हात लावत नाही, म्हणून गोळीचा असर संपला की ताप परत येतो आणि लोक म्हणतात गोळी लागू पडली नाही. बाळाला लस टोचल्यावर कणकण येते तीही याच रस्त्यानं, त्यात घाबरण्यासारखं बहुतेक वेळा काही नसतं.

पण हे आपल्या गावात नीट कळायलाच पाहिजे: मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो तेव्हा उन्हात काम करून कोणी चक्कर येऊन पडला, अंग भाजतंय, बरळतोय, तर तो उष्माघात आहे, ताप नव्हे. तिथं हायपोथॅलॅमसनं आकडा वाढवलेलाच नसतो, शरीराला उष्णता बाहेर टाकणं झेपत नसतं, त्यामुळं पॅरासिटामॉल देऊन काही उपयोग नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा आणि लगेच दवाखान्यात न्या. शुद्ध नसेल तर तोंडानं पाणी पाजू नका.

मग इम्युनिटी वाढवायची म्हणजे हे सायटोकाइन वाढवायचे ना? काढा, पावडर, थेंब, काय घेऊ?

काही घेऊ नका. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं असं समजा. 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेला डबा बघितला की मला विचारावंसं वाटतं, कुठली इम्युनिटी, कुठं, किती आणि किती दिवस? दम्याच्या पेशंटला इंटरल्यूकिन-५ आणखी वाढवून द्यायचं का? संधिवाताच्या आजीला टीएनएफ वाढवून द्यायचं? त्यांना आहे तेच जास्त झालंय.

सगळंच एकदम वाढवलं तर काय होतं ते २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये दिसलं. टीजीएन१४१२ नावाच्या नव्या औषधाची चाचणी होती, टी पेशींना चालना देणारी अँटीबॉडी, प्राण्यांवर काही त्रास दिसला नव्हता. सहा धडधाकट तरुणांना ते दिलं आणि काही तासांतच सहाच्या सहा आयसीयूत. डोकं, कंबर दुखायला लागली, बीपी पडलं, फुप्फुसं, किडन्या थकल्या. सगळे वाचले पण एकाला हातापायाची बोटं गमवावी लागली. सायटोकाइन स्टॉर्म म्हणतात ते हेच, तेही एकही जंतू अंगात नसताना.

काढ्यात तुळस, आलं, दालचिनी असते, त्यानं एवढं होत नाही, आणि म्हणूनच त्यानं इम्युनिटीही वाढत नाही. घसा शेकतो, बरं वाटतं, प्या. झोप, पोटभर साधं जेवण, वेळेवर लसी, शुगर ताब्यात, तंबाखू बंद, याच्यापुढं विकत मिळणारं काही नाही.

कोरोनात डॉक्टर सायटोकाइन स्टॉर्म म्हणायचे, ते खरं होतं की नुसतं नाव?

खरं होतं, पण सगळ्यांना सारखं नव्हतं. ज्यांचं जास्त बिघडलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांमध्ये उलटंच झालेलं, सुरुवातीच्या दिवसांत इंटरफेरॉन पुरेसं निघालं नाही, व्हायरस निवांत वाढला, आणि मग दुसऱ्या आठवड्यात सुजेचा जोर झाला. त्यामुळं 'इम्युनिटी जास्त झाली म्हणून गेला' हे अर्धंच खरं, आधी कमी पडली आणि मग नको तिथं जास्त झाली. इंटरल्यूकिन-६ सुद्धा कोरोनात वाढायचं पण सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनतं तेव्हा, वाढतं त्यापेक्षा बरंच कमी, म्हणून स्टॉर्म शब्द वापरावा का यावर संशोधकांतच वाद झाला.

स्टिरॉइडचं म्हणाल तर ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलनं जून २०२० मध्ये दाखवलं की डेक्सामेथासोन हे अगदी स्वस्तातलं जुनं औषध व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं आणि ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशानं कमी करतं. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना? फायदा नाही, उलट नुकसानाकडंच कल. आपल्याकडं मात्र साधा ताप आला की दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड खाल्लेली माणसं मला माहीत आहेत, त्यात डायबेटिस असला की शुगर सुटायची आणि मग ते काळी बुरशी प्रकरण, म्युकरमायकोसिस. औषध तेच, पण दिवस चुकला की असं होतं. टोसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये लोक गावोगाव फोन करत होते ते आठवत असेल, ते इंजेक्शन इंटरल्यूकिन-६ चा रिसेप्टर अडवतं.

सूज चांगली का वाईट?

पाय मुरगळला, काटा लागला, घसा आला, तेव्हाची सूज चांगली. टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ रक्तवाहिन्या सैल करतात, पांढऱ्या पेशी बाहेर येतात, जागा लाल, गरम, फुगलेली, दुखरी होते, आणि काम झालं की इंटरल्यूकिन-१० वगैरे येऊन ते आवरतं घेतात. वाईट ती जी आवरतच नाही कारण कारणच रोज नव्यानं लागतंय.

आपल्याकडचं उदाहरण कापसाच्या धुळीचं. कापसाच्या पाल्यापाचोळ्यावर जे बॅक्टेरिया असतात त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन धुळीबरोबर छातीत जातं, फुप्फुसातल्या मॅक्रोफेजला वाटतं जंतूच आला, ते टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ सोडतात. बिसिनोसिस म्हणतात त्या आजाराला, आणि त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते. कार्डिंग, स्पिनिंगच्या खात्यात जास्त, मागावर कमी. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मग रोजचाच दम. मास्क, धूळ ओढणारी यंत्रं, हवा खेळती ठेवणं, यावर लोक हसतात पण त्या टीएनएफवर गोळी शोधत बसण्यापेक्षा धूळ कमी करणं सोपं की ओ.

सुजेतून कॅन्सर होतो हे खरं आहे का? माझ्या गुडघ्याला दहा वर्षं सूज आहे.

गुडघ्याच्या झिजेतून कॅन्सर होत नाही, आधी तेवढं डोक्यातून काढा. पण काही ठिकाणची जुनी सूज कॅन्सरला जागा करून देते हे खरंय. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पॅथॉलॉजिस्टनं १८६३ मध्येच गाठीत पांढऱ्या पेशी बघून हा संबंध मांडला होता. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक यांनी लिहिलं की कॅन्सरची गाठ ही न भरणारी जखम आहे, म्हणजे जखम भरताना जी कामं होतात, नव्या रक्तवाहिन्या, पेशींची वाढ, तीच गाठीत होत राहतात, फक्त थांबत नाहीत.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. सुजेच्या जागी पांढऱ्या पेशी तिखट रसायनं सोडतात, त्यात आपल्याच पेशींच्या डीएनएला इजा होते. पेशी मरतात, जागा भरायला नव्या वाढतात, आणि जितक्या वेळा पेशी दुभंगते तितक्या वेळा चुकीची संधी. त्यातच टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाचं बटण चालू करतात, इंटरल्यूकिन-६ चालू करतं स्टॅट-३ नावाचं, आणि ही दोन्ही पेशीला सांगतात की मरू नकोस, वाढ. चांगल्या पेशीला जखमेच्या वेळी हे ऐकायला मिळणं बरोबरच आहे, पण डीएनए बिघडलेल्या पेशीलाही तेच ऐकू येतं.

पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे याचं सगळ्यात नामी उदाहरण. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शलनं १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली, रॉबिन वॉरनसोबत २००५ चं नोबेल मिळालं. तो जंतू वर्षानुवर्षं राहिला तर थोड्या लोकांत जठराचा कॅन्सर होतो. हिपॅटायटिस बी आणि सी चं यकृतात तसंच.

आणि आपल्या चौकाचौकातला मावा, सुपारी-तंबाखूचा. सुपारीमुळं तोंडाच्या आतली कातडी सुजते, टीजीएफ-बीटा वाढतं, ते पेशींना कोलॅजन नावाचं चिवट प्रोटीन बनवायला लावतं, गाल आतून ताठ होत जातात आणि एक दिवस पोराला वडापाव तोंडात जात नाही. सबम्युकस फायब्रोसिस त्याचं नाव, तिखट लागलं की आग होते ही पहिली खूण. त्यातल्या काहींना पुढं तोंडाचा कॅन्सर होतो. 'मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' हे ऐकून ऐकून कान किटले, नुसती सुपारीही कॅन्सरकारकच आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं तिला पहिल्या, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलंय. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे म्हणे. घरातल्या बायका मिश्री लावतात तीही भाजलेली तंबाखूच, दात घासायची पावडर नव्हे.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये पण सायटोकाइनचा संबंध आहे का?

आहे, पण तिथं मुख्य गुन्हेगार एचपीव्ही व्हायरस, सूज मदतनीस. हा व्हायरस हुशार आहे, त्याचं ई-६ प्रोटीन पेशीचं इंटरफेरॉनचं काम दाबून टाकतं, म्हणजे धोक्याची खबर बाहेर पडतच नाही आणि व्हायरस वर्षानुवर्षं राहतो. बहुतेक बायकांत शरीर एक-दोन वर्षांत त्याला साफ करतं, ज्यांच्यात राहतो त्यांच्यात पुढं धोका.

इथं बार्शीचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाऊ शकत नाही. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली, आणि तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला: ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी झाली तिथं या कॅन्सरनं होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गावांपेक्षा जवळजवळ निम्मे. जगभर एचपीव्ही तपासणीची धोरणं ठरताना हा अभ्यास पुढं ठेवला जातो, आणि आपल्या शेजारच्या खेड्यांतल्या बायकांनी तो घडवला. त्यामुळं घरातल्या तिशीपुढच्या बायकांची तपासणी आणि मुलींची लस, या दोन गोष्टी ढकलू नका.

उलट सायटोकाइन देऊन कॅन्सर मारता येत नाही का?

येतो, पण माप चुकलं तर माणूसही जातो, सव्वाशे वर्षांचा अनुभव हाच. १८९१ पासून न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली कॅन्सरच्या पेशंटना मुद्दाम बॅक्टेरिया, पुढं मेलेले बॅक्टेरिया टोचायचे, सणसणून ताप यायचा आणि काहींच्या गाठी वितळायच्या. का, ते त्यांना माहीत नव्हतं. १९७५ मध्ये न्यूयॉर्कलाच लॉइड ओल्ड यांच्या टीमनं उंदरांच्या रक्तात त्यामागचं प्रोटीन शोधून काढलं, गाठ सडवणारा घटक म्हणून नाव दिलं टीएनएफ. सगळ्यांना वाटलं आता झालंच काम. माणसाला शिरेतून दिलं तर गाठीआधी बीपी पडायला लागलं. आज युरोपात ते फक्त हातापायाच्या काही गाठींसाठी वापरतात, तो हात किंवा पाय रक्ताभिसरणापासून तात्पुरता वेगळा करून.

इंटरल्यूकिन-२ ला अमेरिकेत १९९२ मध्ये पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, १९९८ मध्ये मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरसाठी. शंभरात साधारण पंधरा जणांना फायदा, त्यातले थोडे तर अनेक वर्षं कॅन्सरशिवाय जगले, पण डोस एवढा मोठा की रक्तवाहिन्या पाझरायच्या, अंग सुजायचं, आयसीयूसारखी देखरेख लागायची.

त्यापेक्षा जागच्या जागी केलेला प्रयोग जास्त चालला. लघवीच्या पिशवीच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये बीसीजी, हो तीच टीबीची लस, नळीनं पिशवीत सोडतात, आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे. पिशवीच्या अस्तरात सूज येते, इंटरफेरॉन-गामा, इंटरल्यूकिन-२ सगळे तिथंच तयार होतात आणि उरलेल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या जातात. आग होते, थोडा ताप येतो, पण १९७६ पासून ही पद्धत टिकून आहे.

मला या सगळ्यात सगळ्यात गंमतीचं वाटतं ते इंटरफेरॉन-गामा. टी पेशी ते सोडतात कॅन्सर मारायला, आणि ते ऐकून कॅन्सरची पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन वाढवते जे टी पेशीला म्हणतं, बस कर. हे 'बस कर' तोडणारी औषधं म्हणजे आजची इम्युनोथेरपी, त्यातल्या मूळ शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. ब्रेक काढला की दुसरीकडंही सूज येते, थायरॉइड, आतडं, फुप्फुस, म्हणून इम्युनोथेरपीवरच्या पेशंटला जुलाब किंवा दम लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, कळवा.

मुंबईला ती नवीन पेशींची ट्रीटमेंट आहे म्हणे, त्यात पण स्टॉर्म होतो?

कार-टी. पेशंटच्याच टी पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत देतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या रक्ताच्या कॅन्सरच्या लहान मुलीला ती दिली आणि ती मरणाच्या दारात गेली, तपासलं तर इंटरल्यूकिन-६ प्रचंड. डॉक्टरांपैकी कार्ल जून यांच्या मुलीला संधिवात होता म्हणून त्यांना टोसिलिझुमॅब माहीत होतं, ते दिलं, एमिली वाचली आणि कॅन्सरही गेला. आज कार-टी देतात तिथं हे इंजेक्शन हाताशी ठेवतात.

आपल्याकडं आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं तयार केलेल्या नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती ठरावीक प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे, बाकी उपचार करून आजार परत आलाय किंवा हटलाच नाही अशांना. पोटाच्या, तोंडाच्या, स्तनाच्या कॅन्सरला नाही. अमेरिकेपेक्षा खूपच स्वस्त, तरी हिशोब लाखांतच.

वडलांना कॅन्सर आहे, खायला घालतोय तरी वाळत चाललेत. आमचं काही चुकतंय का?

नाही चुकत. हे मी मुद्दाम ठळक सांगतो कारण घराघरात यावरून भांडणं होतात, सून नीट करून घालत नाही इथपर्यंत. १९८५ मध्ये ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी माणूस खंगवणारा पदार्थ शोधत होते, कॅकेक्टिन म्हणायचे त्याला, सापडला तेव्हा कळलं हे तर टीएनएफच. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, ६ स्नायू तोडतात, चरबी वितळवतात आणि भूक मारतात. जीडीएफ-१५ नावाचं आणखी एक आहे, ते मेंदूच्या देठावर काम करून मळमळ आणि अन्नाचा तिटकारा आणतं, त्याला अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब नावाच्या अँटीबॉडीच्या २०२४ च्या चाचणीत पेशंटचं वजन वाढलं, पण अजून ते बाजारात मिळणारं औषध नाही.

तोपर्यंत ताटभर वाढून समोर बसू नका. थोडं थोडं, पाच-सहा वेळा, अंडं, दही, शेंगदाण्याचं कूट घालून केलेलं काही, कडक भाकरी चावत नसेल तर दुधात कुस्करून. जमेल तेवढं चालणं. आणि मळमळ, तोंड येणं, दुखणं यावर औषधं असतात, ती मागून घ्या.

किमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात ते काय असतं?

तेही सायटोकाइनच, जी-सीएसएफ. हाडाच्या मगजाला न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनवायला सांगतं. किमोनंतर निदान २४ तास जाऊ देऊन देतात. कंबर, मांड्यांची हाडं ठणकतात, ते मगज कामाला लागल्याचं लक्षण, सहसा दोन-चार दिवसांत कमी होतं. पण किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. किडनीच्या पेशंटला रक्त वाढवायला एरिथ्रोपोइटिन देतात, तेही याच घराण्यातलं.

आईला संधिवात आहे. डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शन म्हणतात आणि आधी टीबीची तपासणी करा म्हणतात. टीबीचा काय संबंध?

टीएनएफ अडवून संधिवात थांबतो हे लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि आपल्या लुधियानात जन्मलेल्या रविंदर मैनी यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. इन्फ्लिक्सिमॅब, इटानरसेप्ट, ॲडालिमुमॅब ही त्यातली नावं, काहींच्या भारतीय कंपन्यांच्या बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारख्याच बनवलेल्या, आवृत्त्याही मिळतात.

टीबीचा संबंध असा: आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला असतो, पेशींनी त्याच्याभोवती कोंडाळं करून ठेवलेलं असतं, ग्रॅन्युलोमा. ते कोंडाळं टिकवायला टीएनएफ लागतं. टीएनएफ अडवलं की गुडघा हलका होतो आणि इकडं जंतू सुटतो. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० पेशंटची नोंद छापून आली, त्यातल्या बऱ्याच जणांत तो फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. म्हणून आधी छातीचा एक्सरे आणि माँटू किंवा आयग्रा टेस्ट, गरज वाटली तर टीबी दाबायचं औषध आधी. डॉक्टर बिल वाढवायला सांगत नाहीयेत.

आणि बिननावाच्या पुड्या. 'अमुक गावाला जाऊन पुड्या आणल्या, दोन दिवसांत आजी पळायला लागली' असं ऐकलं की मला आधी शंका स्टिरॉइडची येते, कारण इतक्या झटपट सायटोकाइन दाबणारं दुसरं फारसं काही नाही. काही महिन्यांनी तोंड गोल होतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. घेत असाल तर घाबरून एकदम बंदही करू नका, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थंडावलेलं असतं, एकदम तोडलं तर बीपी पडून जीवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरकडं जा, खरं सांगा, ते हळूहळू कमी करतील.

हळदीनं सूज जाते ना? कॅन्सरला पण चालते म्हणे.

प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी दाबतं हे बरोबर. पोटातून मात्र ते रक्तात फारच कमी जातं. आमटीत घाला, दुधात घाला, पण जास्त पॉवरच्या कॅप्सूल किमोबरोबर स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्यानं यकृताला इजा झालेल्या केसेस नोंदल्या गेल्यात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तोही घोळ.

पोट सुटलंय, त्याचाही संबंध जोडणार का?

जोडणार. चरबी नुसती साठून राहत नाही, ती टीएनएफ सोडते हे १९९३ पासून माहीत आहे, इंटरल्यूकिन-६ ही सोडते, इन्सुलिन नीट न चालण्याचं ते एक कारण. गंमत बघा, जोरात व्यायाम केला की स्नायूसुद्धा इंटरल्यूकिन-६ सोडतात, तासाभरात कितीतरी पटीनं वाढतं, पण ते लगेच उतरतं आणि मागोमाग सूज कमी करणारं इंटरल्यूकिन-१० येतं. तेच प्रोटीन पोटाच्या चरबीतून रात्रंदिवस थोडं थोडं निघालं की त्रास, आणि कंबर तलावाला चार चकरा मारल्यावर तासभर निघालं की फायदा.

सीआरपी वाढून आलंय. कॅन्सर असेल का? इंटरल्यूकिन-६ ची टेस्ट पण करू का, पॅकेजमध्ये स्वस्त आहे.

सीआरपी वाढलं म्हणजे कुठंतरी इंटरल्यूकिन-६ नं यकृताला सांगितलंय, एवढंच. दाढ सुजली तरी वाढतं, लघवीत इन्फेक्शन, चिकनगुनिया, ऑपरेशन झालेलं असणं, जाड असणं, सिगारेट, कशानंही. कॅन्सर शोधायला ही टेस्ट नाही आणि सीआरपी नॉर्मल आलं म्हणून कॅन्सर नाही असंही नाही. ताप, वजन उतरणं, गाठ, न भरणारा तोंडातला व्रण, असं काही सोबत असेल तर ते घेऊन डॉक्टरकडं जा, नुसता आकडा घेऊन नको. काहीच त्रास नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी परत करा, बहुतेक वेळा उतरलेलं असतं.

इंटरल्यूकिन-६ ची टेस्ट धडधाकट माणसानं करायची काहीच गरज नाही, ते पैसे वाचवा. ती आयसीयूतल्या पेशंटसाठी आहे, तिथंही रोज बदलते. रिपोर्ट मला व्हॉट्सॲप करू नका, खरंच, मी फक्त शिकवतो.